जुन्या बोटीत ‘मूळ’ ते कोणते? एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी दोन वेळा वाचली. चार ओळींत आभार मानून मोकळे व्हावे अशी ती नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडते. माझ्या ३१ फुटी जुन्या मासेमारी बोटीच्या कामावरील लेखमालेला मी ‘पुनरुज्जीवन’ असे नाव दिले, त्यावर आपला पहिला आक्षेप आहे. पेट्रोलची इंजिने काढून डिझेलची बसवली, इंधनाची टाकी नवी, वायरिंग नवे, डेकचा बराचसा भाग नवा. मग जुने उरले काय, असे आपण विचारता आणि तिला ‘जुन्या कवचातली नवी बोट’ म्हणता. दुसरा आक्षेप असा की एवढ्या खटाटोपात आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेर टांगलेल्या, इंजिनांची नवी बोट घेता आली असती आणि तिने हेच काम अधिक वेगाने व कमी इंधनात केले असते. तिसरा असा की माझ्या बोटीसारख्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाची बोट पाण्यात उभी असताना फार डोलते, हे जाणकारांना ठाऊक असूनही मी ते एकाही लेखात सांगितले नाही. तिसरा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, दुसरा निम्मा खरा आहे आणि पहिला मला मान्य नाही. पहिल्यापासून सुरुवात करते, कारण माझे बाकीचे सगळे निर्णय त्याच्यावरच उभे आहेत.

माझी बोट ज्या विचारातून जन्मली, त्याचा इतिहास आधी पाहू. रेमंड हंट या अमेरिकन आराखडाकाराने खोल ‘व्ही’ आकाराचा तळ प्रत्यक्षात आणला. त्याआधीच्या वेगवान बोटींचा तळ नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, धारदार असला तरी मागे जाता जाता सपाट होत असे आणि त्यामुळे लाटेवरून खाली येताना तो आपटत असे. हंट यांनी तळाचा हा उतार अगदी मागच्या फळीपर्यंत तीव्र ठेवला, आणि तळाला लांबीच्या दिशेने अरुंद पट्ट्या दिल्या, ज्या पाणी बाजूला फेकतात आणि वेगात बोटीला उचलून धरतात. १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना बोटींचे व्यापारी रिचर्ड बर्ट्राम यांची ‘मॉपी’ ही या तळाची लाकडी बोट सुमारे आठ तासांत पोहोचली. तिच्यानंतर आलेली २३ फुटी बोटही हंट यांच्याच आराखड्याची होती, आणि तिसरी बोट पोहोचली ती थेट दुसऱ्या दिवशी. पुढे त्या लाकडी मॉपीवरूनच साचा काढण्यात आला आणि १९६१ पासून फायबरग्लासची बर्ट्राम ३१ तयार होऊ लागली. तिच्या मागच्या फळीपाशी तळाचा उतार सुमारे २४ अंशांचा असतो. दोन दशकांहून अधिक काळ ती बनत राहिली.

या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. ज्या बोटीला आज सगळे जग ‘क्लासिक’ म्हणते, तिचे लाकूड पहिल्याच वर्षी गेले. कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यात कधी पेट्रोलची इंजिने असत, तर कधी डिझेलची. आसने बदलली, केबिन बदलली, केबिनच्या छतावरून बोट चालवण्याची जागा, म्हणजे फ्लायब्रिज, आला. बदलला नाही तो तळाचा आकार, आणि त्या आकारावर वजन कुठे ठेवायचे याचा हिशेब. माझी बोट बर्ट्रामची नाही, दुसऱ्या आणि आता बंद झालेल्या एका लहान कारखान्याची आहे. पण तिचा तळ याच विचाराचा आहे. तिच्यात ‘मूळ’ जपायचे असेल, तर ते लाट कापताना तिची जी वागणूक असते तीच, असे मी मानते. या वागणुकीला हात लागत नसेल तोपर्यंत भाग बदलला म्हणून बोट बदलत नाही, आणि हात लागत असेल तर प्रत्येक भाग त्या काळातला असूनही बोट हातची गेलेली असते.

आता इंजिनांबद्दल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली ती रस्त्यावर पसरून विरून जाते; बोटीत मात्र खाली बिल्ज, म्हणजे तळाची बंद पोकळी, असते आणि वाफ तिथेच साचून राहते. म्हणूनच पेट्रोलवरच्या बोटीत इंजिन चालू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा, झाकण उघडून वास घ्यायचा आणि स्टार्टर व अल्टरनेटर ठिणगी बाहेर न जाऊ देणाऱ्या बनावटीचेच वापरायचे, अशी शिस्त असते. माझ्या बोटीच्या डाव्या इंजिनावर आधी कोणीतरी मोटारीचा साधा अल्टरनेटर बसवून ठेवला होता. तो दिसायला अगदी तसाच होता. फक्त त्याच्या खिडक्यांवर ठिणगी अडवणारी बारीक जाळी नव्हती. पुष्कळ मोसम ती बोट तशीच चालली असणार, आणि काही घडले नाही यात कुणाचे कौशल्य नव्हते. डिझेल साधारण ५२ अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय पेटू शकेल एवढी वाफ देत नाही; पेट्रोल शून्याखाली ४० अंशांवरही देते. नीट राखलेली पेट्रोलची बोट सुरक्षित असते आणि तशी ती प्रेमाने राखणारे लोक आहेत, हे मला मान्य आहे. पण माझ्या हाती आलेली दोन्ही इंजिने खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेली होती आणि ती बदलणे अटळच होते. बदलायचीच तर डिझेल, असे मी ठरवले.

टाकीविषयी आपण लिहिले आहे की ‘चांगली दिसणारी टाकी उगाच काढली’. ती खरोखरच चांगली दिसत होती. लेखातील छायाचित्रात तिचा वरचा भाग होता. आपण पाहिला तेवढाच त्या दिवशी मीही पाहिला होता. ॲल्युमिनियमची ती टाकी फोममध्ये बसवलेली होती. आम्ही ती साखळीने वर घेतली, कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या भागात, आडवी केली आणि तिच्या तळाला चिकटलेला फोम पत्र्याच्या पात्याने खरवडू लागलो, तर त्याच्याखालून पांढरी, ओलसर, चुन्यासारखी भुकटी निघाली. ती पुसल्यावर पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. त्यांतल्या एका खड्ड्यात मी पेन्सिलीचे टोक टेकवले आणि ते आरपार गेले.

असे का होते, हे मूळ लेखात सांगायला हवे होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. तो टिकण्यासाठी हवा लागते. फोम आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत खारे पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही आणि हवा आत जात नाही, त्यामुळे थर पुन्हा बनत नाही आणि पत्रा खालून पोखरला जातो. नवी टाकी मी पाणी न शोषणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर, चारही बाजूंनी हवा खेळेल आणि वर पडलेले पाणी वाहून जाईल अशा रीतीने बसवली आहे. ज्यांच्याकडे जुनी फायबरग्लासची पेट्रोल टाकी आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रेझिनला विरघळवते, आणि तो चिकट काळा गाळ थेट इंजिनाच्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो.

डेक आणि वायरिंगबद्दल फार लिहीत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने डेक इंचाइंचाने ठोकत गेले की टणक, खणखणीत आवाज येतो तिथे आतले लाकूड कोरडे असते आणि भद्द आवाज येतो तिथे कुजलेले. माझ्या डेकवर प्रत्येक स्क्रूच्या भोवती भद्द आवाज होता. वरची कातडी कापली, ओले लाकूड काढले, नवे इपॉक्सीत बसवले, आणि या वेळी प्रत्येक भोक आधी मोठे पाडून, इपॉक्सीने भरून, मग त्यात पुन्हा लहान भोक पाडले, म्हणजे पाणी स्क्रूवाटे उतरले तरी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या घेतल्या. या कामांना ‘नवी बोट’ म्हणणे मला पटत नाही. आधीचे काम ज्या चुकीने वाया गेले ती चूक पुन्हा न करणे, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

मात्र माझी कसोटी मला फक्त सवलतच देते असे नाही, काही ठिकाणी ती मला अडवतेही, आणि आपल्या आक्षेपाचे खरे उत्तर त्या जागी आहे. नवी डिझेल इंजिने गिअरबॉक्ससह जुन्यांपेक्षा जड निघाली. बोट पाण्यात सोडली तेव्हा मागच्या बाजूला रंगाची जुनी रेघ दोन बोटे पाण्याखाली गेलेली दिसली. कुणाही पाहुण्याला ती दिसली नसती, पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण मागून बसलेली बोट उशिरा उचलली जाते, नाळ वर ठेवून चालते, आणि धारदार नाळेने लाट कापण्याऐवजी तिच्यावर तळ आपटू लागते. ज्यासाठी सगळे केले तेच गमावण्याची ती सुरुवात होती. पुढचे तीन आठवडे मी फक्त वजन हलवले. बॅटऱ्या पुढे, केबिनखाली नेल्या. गोड्या पाण्याची टाकी पुढे घेतली. मागच्या कप्प्यातील जादा नांगर आणि साखळी काढली. रेघ पुन्हा पाण्याला समांतर दिसली, तेव्हाच इंजिनांचे काम पूर्ण झाले असे मी लिहिले.

हीच गोष्ट उंच मनोऱ्याची. आधीच्या मालकाने मासे हेरण्यासाठी फ्लायब्रिजच्या वर ॲल्युमिनियमचा मनोरा चढवला होता. फोटोत तो फार शोभतो आणि तो काढल्याबद्दल अनेकांनी मला दोष दिला. पण एवढ्या अरुंद बोटीवर इतक्या उंचीवरचे वजन तिला कलल्यावर सरळ व्हायला वेळ लावते. बाजूच्या लाटेवर ती कलंडत जाई, क्षणभर तिथेच थांबे, आणि मग परत येई. त्या थांबण्याने पोटात गोळा येत असे. मनोरा काढल्यावर डोल थांबला नाही, उलट तो जलद झाला, पण ते थांबणे गेले.

येथूनच आपल्या दुसऱ्या आक्षेपाकडे येते. नवी आउटबोर्ड बोट वेगवान असते, इंधन कमी खाते, उथळ पाण्यात इंजिन वर उचलता येते आणि दुरुस्तीला ते सोपे असते, हे सगळे खरे आहे. नुसता माशांचा हिशेब मांडला तर ती जिंकेल. पण माझ्याच बोटीच्या मागे आउटबोर्ड लावावीत, असा जो आणखी एक पर्याय आपण सुचवला आहे, तो मी स्वीकारू शकत नाही, कारण जे वजन आज बोटीच्या मध्याजवळ आहे ते फळीच्याही मागे जाईल, आणि हा तळ त्यासाठी आखलेलाच नाही. शिवाय मागची फळी मोकळी असणे याला मासेमारीत मोल आहे. कॉकपिटची कड पाण्यापासून इतकी कमी उंचीवर आहे की वाकून दोरा हातात घेता येतो. मोठा कुपा गळाला लागून खोल जातो आणि बोटीखाली वळतो, तेव्हा एक इंजिन पुढे आणि दुसरे मागे टाकून मी बोट जागच्या जागी फिरवते. दोरा कुठल्याही इंजिनाला न घासता फळीवरून सरळ पाण्यात उतरलेला राहतो. पहाटे सात नॉटने आमिष ओढत जाताना मागे दोन प्रोपेलरच्या फेसाळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये निवळ पाण्याची एक पट्टी दिसते, त्या पट्टीत आमिष उड्या मारत येते, आणि मी मासा लागला नाही तरी तासन्‌तास त्याकडे पाहत उभी राहू शकते. हा युक्तिवाद नाही हे मी जाणते. पण बोट मी यासाठीच घेतली.

आता तिसरा आक्षेप, ज्यात आपले म्हणणे बरोबर आहे आणि मी चुकले. या तळाची बोट वेगात स्थिर असते कारण पाणी तिला दोन्ही बाजूंनी उचलून धरते. ती थांबली की तो आधार जातो. सपाट तळाच्या बोटीची रुंद कड लगेच पाण्यात दबते आणि तिला थोपवते. खोल ‘व्ही’ची कड मात्र पाण्याजवळ येईपर्यंत बोट बरीच कललेली असते. त्यामुळे इंजिन बंद करून वाहत्या पाण्यावर मासे धरायला बसलो की सुरुवातीच्या दोन तासांतच सवय नसलेला माणूस आडवा होतो. माझ्यासोबत आलेल्या एका नातलगाने दुपारभर डोळे मिटून कठडा धरला होता, आणि त्या दिवसावर मी जो लेख लिहिला त्यात फक्त येतानाच्या लाटांचे वर्णन होते. तसे करणे योग्य नव्हते. त्या लेखात आज मी दुरुस्ती जोडली आहे.

यावर आपण जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या जड चाकाने डोल रोखणारे यंत्र, बसवण्याचे सुचवले आहे. त्याने डोल खरोखर पुष्कळ कमी होतो, पण तो जड आहे, त्याला सतत वीज लागते, आणि माझ्या बोटीत त्यासाठी जागा उरली आहे ती मागेच. मी त्याऐवजी नाळेवरून समुद्री नांगर सोडते. कापडी छत्रीसारखा तो पाण्यात उघडतो, बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवतो, आणि आडवे हेलकावे उभ्या, सोसवणाऱ्या चढउतारात बदलतात. पूर्ण उपाय नाही, पण त्या नातलगाने पुढच्या खेपेस जेवण केले.

आणखी एक चूक आपण दाखवली नाहीत, तरी सांगते, कारण ‘मूळ’ या शब्दावर आपण एवढे लिहिले आहे. वायरिंग काढताना जुन्या मापकांची पाटी मी न मोजता, न टिपता तोडून टाकली. तिच्यावर हाताने कोरलेली काही अक्षरे होती, कुठल्या वेगाला इंजिनाचे किती फेरे आणि किती इंधन, अशी कुणीतरी वर्षानुवर्षे जमवलेली नोंद. तिचा बोटीच्या वागणुकीशी थेट संबंध होता आणि ती माझ्याच कसोटीने जपायला हवी होती. आपल्याकडे त्या काळातील अशा बोटीची फेरे आणि वेग यांची नोंद असेल, तर मला ती अवश्य पाठवा. नव्या इंजिनांचे आकडे मी प्रत्येक फेरीला लिहून ठेवत आहे आणि दोन्ही शेजारी मांडून पाहायचे आहेत.