शॉन कॉनरी यांचे ऑस्कर बाँडसाठी नव्हते
स्कॉटिश अभिनेते शॉन कॉनरी यांना जेम्स बाँडच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. एडिंबरातील फाउंटनब्रिज या कष्टकऱ्यांच्या वस्तीत १९३० साली जन्मलेल्या आणि तरुणपणी घरोघरी दूध पोचवणाऱ्या कॉनरींनी १९६२ ते १९८३ या काळात सात चित्रपटांत बाँड साकारला हे खरे, पण त्यासाठी त्यांना ऑस्करचे साधे नामांकनही कधी मिळाले नाही. त्यांचे एकमेव ऑस्कर १९८८ सालचे, ‘द अनटचेबल्स’ या चित्रपटातील पोलिसाच्या सहाय्यक भूमिकेसाठीचे. किल्लीच्या साखळीत ख्रिस्ती संत ज्यूडचे पदक बाळगणारा, शिकागोच्या रस्त्यांवर गस्त घालणारा तो उतारवयातला पोलीस बाँडच्या ऐटीपासून फार दूरचा आहे, त्यामुळे हे श्रेय बाँडच्या खात्यावर मांडणे हा कॉनरींच्या अभिनयावरच अन्याय आहे.