‘मी आपला फार वेळ घेणार नाही’

चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की तुमच्या घशाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो आणि रात्रभर घोकलेलं भाषण माईकपाशी पोचेपर्यंत पार पुसलं जातं? अभिनंदन. समोरच्यांना आपलं ऐकावं लागणार, याची लाज तुम्हाला अजून आहे. ती घालवणं अवघड नाही. मी सांगतो तसं करा.

आपल्याकडे या रोगाची लागण साधारण 1 ऑगस्टला होते. लोकमान्यांची पुण्यतिथी. ‘अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती’ हे एका दमात म्हणायचं आणि दम उरलाच तर टिळक. मी चौथीत होतो. 23 जुलै 1856 पर्यंत सुखरूप पोचलो, ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत’ इथपर्यंतही आलो, आणि पुढची टरफलं गायब. बाई खिडकीपाशी उभ्या राहून ओठ हलवत होत्या. मला त्या बडीशेप चघळतायत असंच वाटत होतं. चड्डीच्या खिशाची शिवण उसवून झाल्यावर मी म्हणालो, ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत. जय हिंद, जय महाराष्ट्र.’ आणि उतरलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं मिळून पाऊण मिनिट. इतकं मुद्देसूद मी त्यानंतर कधीच बोललो नाही.

थोरामोठ्यांचा आधार हवा असेल तर गांधीजी आहेत. 1891 साली बॅरिस्टर होऊन परतले, मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला घेतला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली, आणि तो खटला पटेल नावाच्या वकिलांकडे एक्कावन्न रुपयांत गेला. आत्मचरित्रात हा हिशेब त्यांनी स्वतःच दिलाय. म्हणजे न घाबरण्याचा तेव्हाचा दर एकवीस रुपये जादा. आता तो वाढलाय. शनिवार-रविवारच्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरांची पत्रकं पाहा, चहा-नाश्त्यासह.

शिबिरात पहिला सल्ला मिळतो तो कोबीचा. समोर माणसं नाहीत, कोबीचे गड्डे मांडून ठेवलेत असं समजायचं. हसू नका, सगळं शास्त्र या कोबीत आहे. कोबीला नऊ सतराची कर्जत पकडायची नसते. कोबीच्या मांडीवर पेंगुळलेलं पोर नसतं, कोबीने कुकर लावायचा ठेवलेला नसतो. ही समजूत एकदा मनात मुरली की भीती जाते ती जातेच, आणि घड्याळही दिसेनासं होतं.

पुढचा प्रश्न हाताच्या थरथरीचा. साधा कागद धरू नका. हात सुतभर हलला तर कागद वीतभर हलतो, आणि माईकजवळ त्याचा आवाज वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखा येतो. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच. त्यांची कोरी बाजू जाड आणि ताठ असते, मुद्दे लिहायला उत्तम. फक्त एक धोका आहे: तिच्यावर पाचच मुद्दे मावतात. पाच मुद्द्यांत बोलणं संपलं तर शाल आणि श्रीफळ कोणत्या तोंडाने घ्यायचं? त्यापेक्षा कागदच नको. उत्स्फूर्त बोला.

धडधड सगळ्यात जास्त असते ती पहिल्या एक-दोन मिनिटांत, मग ती आपोआप उतरते. म्हणून ही मिनिटं काहीही न सांगता काढायची. आपल्या पूर्वजांनी सोय करून ठेवलीय. व्यासपीठावर नऊ जण बसलेत ना? नऊही नावं घ्या, प्रत्येकामागे एक विशेषण लावा, सहावं नाव विसरा, ‘क्षमस्व’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. यात सात मिनिटं सहज जातात. तोवर तुमची नाडी ताळ्यावर येते आणि लोकांची सुटते. मग शांतपणे म्हणा, ‘मी आपला फार वेळ घेणार नाही.’

एका मंडळीपासून मात्र जपा. 1924 साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावात राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने टोस्टमास्टर्स नावाचा क्लब काढला. त्याच्या शाखा आता पुण्या-मुंबईतही भरतात. तिथे भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. शिवाय एक जण तुमचे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ मोजत बसलेला असतो, आणि शेवटी सगळ्यांसमोर आकडा वाचतो. लाल दिवा! आमच्या नगरवाचनालयात तो लावला तर वार्षिक सभा पिठल्याला फोडणी बसायच्या आत उरकेल. अशा ठिकाणी भीती जाते म्हणतात, पण थांबायची सवय लागते. जन्माचं नुकसान.

आपल्याकडे दिव्याऐवजी चिठ्ठी येते. सूत्रसंचालक पाय न वाजवता येतो, घडी केलेला कागद पुढ्यात सरकवतो आणि छताकडे बघत उभा राहतो. नवखा माणूस ती वाचून घामाघूम होतो. तुम्ही ती हातात उंच धरा, ‘संयोजकांची चिठ्ठी आली आहे’ असं हसत जाहीर करा, खिशात टाका. लोक हसतात. ते हसू म्हणजे मुदतवाढ समजावी. 1957 च्या जानेवारीत कृष्ण मेनन सुरक्षा परिषदेत काश्मीरवर दोन दिवसांत मिळून सुमारे आठ तास बोलले आणि थकून कोसळले. त्यांच्यापाशी निदान काश्मीर होता. पण विषयावाचून अडत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रमुख पाहुणे गेल्या वर्षी नुसत्या ‘संस्कार’ या शब्दावर पन्नास मिनिटं उभे होते. शाल चारदा खांद्यावरून घसरली, चारदा सावरली. नारळ गडगडत तबल्यापर्यंत गेला. त्यांचा आवाज तसूभरही हलला नाही. याला म्हणतात आत्मविश्वास.

त्यांच्यानंतर दुसरीतल्या एका मुलीचं भाषण होतं. परकर-पोलकं घालून ती दीड तास स्टेजच्या पायरीपाशी उभी होती. हातातली चिठ्ठी घामाने मऊ झालेली, ओठ चालू, डावा पाय उजव्यावर. मी कार्यकर्त्याचा बिल्ला लावून बाजूलाच होतो. ‘वेळेअभावी पुढचा कार्यक्रम रद्द करण्यात येत आहे’ अशी घोषणा झाली. तिने माझा सदरा ओढला.

‘काका, म्हणजे आता नाही ना म्हणायचं?’

‘नाही गं.’

चिठ्ठी माझ्या हातात कोंबून ती थेट मसाला दुधाच्या रांगेत. चेहरा असा उजळला होता की बघवेना. इतक्या लहान वयात ही लक्षणं बरी नव्हेत. मी तिच्या आईला लगेच गाठलं आणि शिबिराचा नंबर दिला. पाहुण्यांचंच आहे.