पोलेंटा आणि माझा उजवा खांदा

इटलीत राहतो म्हटलं की पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना वाटतं आम्ही रोज पिझ्झा हाणतोय. अहो, थंडीत एकदा बेर्गामोला या. हवा गार पडली की इथे घरोघरी मक्याच्या पिठाची पोलेंटा शिजते, आणि ती शिजायची तर कुणाचा तरी हात पिळवटून निघतो, आमच्या बिल्डिंगमध्ये तो हात माझा.

घरमालकीण बाई सत्तरीच्या पुढच्या, अत्यंत प्रेमळ, रविवारी जेवायला बोलावतात. पण अंगातला कोट निघायच्या आत हातात लाकडी दांडका येतो. गॅसवर तांब्याचं खोल पातेलं, त्याला इथे पायोलो म्हणतात. लिटरभर पाण्याला साधारण पाव किलो भरड पीठ असा हिशोब, डाव्या हाताने भुरभुरायचं, उजव्याने ढवळायचं, आणि एक गुठळी जरी दिसली तरी बाई अशा बघतात की दहावीच्या रिझल्टला बाबांनीही तसं बघितलं नव्हतं.

मग पाऊण तास तेच. थांबायचं नाही, दिशा बदलायची नाही. सुरुवातीला पिठलं घोटल्यासारखं मजेत चालतं, पण नंतर घट्ट झालं की ते उलटून बोलायला लागतं, मध्येच एक बुडबुडा फटकन फुटतो आणि पिवळा चटका थेट मनगटावर! बायको वाईनचा ग्लास घेऊन लांबून म्हणते, "अरे, जिमचे पैसे वाचले ना!"

बाईंचं लेक्चर चालूच. मका अमेरिकेतून आला, गरिबांचं पोट भरलं, पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथले शेतकरी बाराही महिने नुसतं हेच खायचे म्हणून त्यांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार, व्हायचा. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, त्याने त्यातलं नायसिन अंगी लागायचं, युरोपने मका उचलला आणि चुना तिकडेच ठेवला. ऐकायला इंटरेस्टिंग आहे हो, पण खांदा निखळत असताना माणसाला इतिहास पचत नाही. आणि वाल्तेल्लिना खोऱ्यातली ताराञ्या नावाची पोलेंटा करायची असेल तर मेलोच, त्यात कुट्टूचं पीठ आणि शेवटी लोणी-चीज, ते चीज वितळलं की दांडका आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा अडतो.

शेवटी पातेलं लाकडी पाटावर उपडं होतं, पिवळाधमक वाफाळता गोळा, बाई दोऱ्याने सरासर कापतात. त्यांच्याकडे सोबत सशाचं मटण, आमच्याकडे गोर्गोन्झोला चीज, वरून टाकलं की कडेकडेने वितळतं. चव? खोटं कशाला बोलू, भन्नाट. पातेल्याला लागलेली खरवड मात्र नातवंडं पळवतात, म्हणजे राबायचं मी आणि कुरकुरीत त्यांना.

पाच मिनिटांत होणारं इन्स्टंट पाकीट दुकानात मिळतं असं मी एकदा भीत भीत म्हणालो, तर टेबलावर कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली.

परवा बाईंची वाईनची पेटी ठेवायला तळघरात गेलो तर फळीवर दुसरा पायोलो, वर मोटर बसवलेली! वायर लावली की दांडा आपोआप फिरतो. मी विचारलं, हे चालत नाही का? "चालतं की," बाई म्हणाल्या, "पाहुणे नसले की हेच लावते."

वर आलो तेव्हा बायकोने पुढच्या रविवारला होकार देऊन टाकला होता.