‘चौपट पैसे मोजले, मासे तेवढेच’: या अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि सकाळी दुकान उघडल्यावर पुन्हा वाचला. रागात लिहिलाय, पण मुद्द्याचं लिहिलंय, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही आमच्याकडून फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे नकली माशी (फ्लाय) टाकून मासे गरवायच्या, पाच नंबरच्या रॉडला सीलबंद डिस्क ड्रॅगचं (ड्रॅग म्हणजे पळणाऱ्या माशाला आवरणारा रिळातला ब्रेक) रीळ घेतलंत. तुमच्या मित्राने त्याच सुमारास ओतीव धातूचं, साधं क्लिकवालं रीळ घेतलं, तुमच्या किमतीच्या पाव भागात. दोन हंगाम दोघं एकाच ओढ्यावर ट्राउट गरवायला जाताय. तुमची फेक काही लांबली नाही, मासे दोघांना सारखेच, उलट मित्रालाच दोन-चार जास्त. त्यात आता तुमचं रीळ फिरवताना घासल्याचा आवाज येतो. आणि शेवटचं वाक्य: ‘हे लोक महाग तेच गळ्यात मारतात.’

ते शेवटचं वाक्य सोडलं तर तुमचं बहुतेक सगळं मला मान्य आहे. आमची चूक कुठे झाली तेही आधीच सांगून टाकतो. तुम्ही ‘चांगलं रीळ दाखवा’ म्हणालात आणि आम्ही चांगलं रीळ दाखवलं. कुठल्या पाण्यात, कुठल्या माशासाठी, हे विचारलंच नाही. त्या दिवशी काउंटरवर मीच होतो, त्यामुळे पोरांवर ढकलायचीही सोय नाही. वीतभर ट्राउटच्या ओढ्यासाठी तुम्हाला ते रीळ नको होतं. मित्राची निवड बरोबर होती.

आता फेकीचं. रीळ महाग घेतलं की फेक लांबते, असं तुम्हाला आमच्याकडे कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलं. फ्लाय टाकताना रीळ काहीच करत नाही. इथे वजन असतं ते लाइनचं. पाच नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट भरतात 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम, आणि तेवढ्याच वजनावर रॉड वाकतो आणि सुटतो. खात्री करायची असेल तर लाइन रिळावरून ओढून गवतावर पसरा, रीळ रॉडवरून काढून बाजूला ठेवा आणि फेका. फेक तीच जाईल. फक्त रॉडचा तोल थोडा पुढे गेल्यासारखा वाटेल, कारण मुठीच्या मागचं वजन गेलेलं असतं. म्हणून रीळ जितकं हलकं तितकं चांगलं, हेही सरसकट खरं नाही. जुन्या, जड रॉडला पिसासारखं रीळ लावलं की टोक खाली झुकतं आणि संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागतं. हलकेपणासाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला मी आधी त्याचा रॉड घेऊन यायला सांगतो.

मग महाग रिळाचे पैसे नेमके कशाचे? मासा लागून पळत सुटला की पुढचा जो वेळ, त्याचे. लागलेला मासा पळालाच नाही, तर ते पैसे पेटीतच पडून राहतात. तुम्ही अभिप्रायात लिहिलंय की दोन हंगामांत बॅकिंग (लाइनच्या मागे जोडलेला राखीव दोरा) एकदाही दिसलं नाही. एवढं एक वाक्य तुम्ही खरेदीच्या दिवशी म्हणाला असतात, तर मी तुम्हाला दुसऱ्या कपाटाकडे नेलं असतं. लाइन साधारण 27 मीटर असते आणि तिच्यामागे बॅकिंग. ज्याच्या माशाने लाइन संपवून दोन्हींना जोडणारी गाठ कधी टोकाच्या कडीतून बाहेर नेली नाही, त्याने डिस्क ड्रॅग वापरलाच नाही म्हणायला हरकत नाही. छोटा मासा आपण डाव्या हाताने लाइन ओढत आणतो, रिळाला हात लागतो तो घरी निघताना गुंडाळायला.

तरीही ‘सगळी रिळं सारखीच, फक्त नावाचे पैसे’ हे मात्र मी मान्य करणार नाही. काउंटरवर आम्ही एक खेळ करतो, तुम्ही आलात की दाखवतो. रिळाची लाइन स्प्रिंगच्या ताणकाट्याला बांधायची, ड्रॅग अर्ध्या किलोवर लावायचा आणि हळूहळू ओढत जायचं. स्वस्तातल्या डिस्क ड्रॅगमध्ये स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) आधी हलतच नाही, काटा वर वर चढतो, मग एकदम हिसक्याने सुटतो आणि काटा खाली आपटतो. चांगल्या रिळात काटा अर्ध्या किलोला पोचतो आणि तिथेच जरासा थरथरत राहतो. ‘सुरुवातीचा हिसका’ म्हणतो आम्ही त्याला. दुकानात तो किरकोळ वाटतो. पण लाइनच्या शेवटी असतो 5X टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा, जाडी जेमतेम 0.15 मिलिमीटर, आणि तो तुटतो साधारण दोन किलोच्या आसपास. ड्रॅग त्याच्या पाव भागावर लावायचा, हा सगळीकडचा रिवाज. वाटतं, भरपूर शिल्लक आहे. पण गाठीने थोडं बळ खाल्लेलं असतं, पाण्यात पसरलेली लाइन स्वतःच मागे ओढत असते, आणि नेमक्या त्या क्षणी स्पूल अडकून सुटला की उरलेलं अंतर एका झटक्यात संपतं. मासा गेला, फ्लाय गेली, आणि माणूस म्हणतो, ‘दोरा कच्चा होता.’

तुमच्या मित्राच्या क्लिकवाल्या रिळात हा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे तिथे ड्रॅग असा नसतोच. एक दातेरी चक्र, त्यावर स्प्रिंगने दाबलेली एक खिटी, एवढाच कारभार. तिचं काम स्पूल मोकाट फिरून लाइनचा गुंता होऊ नये, इतकंच. वेग आवरायचा तर तळहात स्पूलच्या बाहेरच्या कडेला हलकेच टेकवायचा. हाताला सवय झाली की त्याच्यासारखा ब्रेक नाही, आणि तो कर्रर्र आवाज ज्याला आवडतो त्याला दुसरं काही आवडत नाही. (मलाही आवडतो. गल्ल्यामागे बसून तेच विकू का, हा वेगळा प्रश्न.) ऑर्विस या अमेरिकी कंपनीचं भोकं पाडलेलं, अरुंद आणि उंच स्पूलचं रीळ पेटंट झालं 1874 मध्ये. भोकांमुळे वजन घटायचं आणि रेशमी लाइन वाळायची. ओढ्यावर वापरायच्या रिळाचा मूळ साचा त्यानंतर फारसा बदललेला नाही. हँडल एकदा फिरवलं की स्पूल एकदाच फिरतो, मध्ये गिअर नाही.

दुसरी गोष्ट स्पूलच्या मधल्या दांड्याची, आणि ही गिऱ्हाईकं क्वचितच विचारतात. मोठा मासा लाइन घेऊन पळाला की स्पूलवरच्या वेढ्यांचा व्यास कमी कमी होत जातो. ड्रॅगची पकड तीच, पण व्यास आठ सेंटिमीटरवरून चारवर आला की माशाला लागणारी ओढ दुप्पट होते. म्हणजे तुम्ही अर्धा किलो लावलात आणि मासा जितका लांब गेला तितकं ते एक किलोकडे सरकलं, तुम्ही बटणाला हातही न लावता. परतीचंही तसंच. आठच्या व्यासावर एका फेऱ्यात पाव मीटर लाइन येते, चारच्या व्यासावर त्याच्या निम्मी. मासा 60 मीटरवरून एकदम तुमच्याकडे वळला तर 240 फेरे मारायचे की 480, इतका तो फरक. मोठ्या दांड्याच्या, म्हणजे लार्ज आर्बर रिळाचा खरा उपयोग हा. लाइनला कमी वेटोळी पडतात हा दुसरा, बारीकसा फायदा. त्यासाठी मात्र रीळ बदलू नका. सकाळी निघण्याआधी लाइन थोडी थोडी हातात घेऊन ताणा, वेटोळी जातात.

आणि मिठाचं पाणी. बोनफिशसारखा मासा उथळ समुद्रात लागला की पहिल्याच धावेत शंभर मीटर लाइन नेऊ शकतो, तिथे वर सांगितलेलं सगळं एकदम कामाला येतं. शिवाय मीठ आणि वाळू. उघड्या ड्रॅगमध्ये खाऱ्या पाण्याचे थेंब गेले, वाळले आणि पुढच्या वेळी बटण फिरलं नाही, अशी रिळं माझ्याकडे दर हंगामात दुरुस्तीला येतात. सीलबंद ड्रॅग, ॲनोडायझिंग नीट केलेलं ॲल्युमिनियम, याचे पैसे तिथे वसूल होतात. समुद्रावर जाणाऱ्याला मी स्वस्त रीळ विकत नाही, तो रागावला तरी चालेल. सामन, स्टीलहेड असल्या दमदार माशांचंही तेच.

आता ते घासणं. गेल्या महिन्यात तुम्ही रीळ दाखवायला आणलं होतं, तेव्हा आमच्या पोराने ‘वापराने होतं’ असं सांगून परत पाठवलं. ते उत्तर चुकीचं होतं, त्याबद्दल माफ करा. तुम्ही अभिप्रायात जो फोटो टाकलाय त्यात चौकटीच्या कडेला, हँडलच्या खालच्या बाजूला, खडकावर आपटल्याची बारीक खूण दिसते. अखंड ॲल्युमिनियममधून तासलेल्या रिळात चौकट आणि स्पूल यांच्यातली फट मुद्दाम अगदी कमी ठेवतात, बारीक लीडर (लाइन आणि टिपेट यांच्यामधला निमुळता दोरा) त्यात शिरून चिमटू नये म्हणून. त्यामुळे कड केसभर आत दबली तरी स्पूल घासतो. मित्राच्या ओतीव रिळाची फट मोठी आहे, ते असा धक्का गिळून टाकतं. पण तेच रीळ जोरात आपटलं असतं तर ओतीव धातू वाकत नाही, तडकतो, आणि मग दुरुस्ती नाही. तुमचं सरळ करता येईल. लाकडी ठोकळा, एक छोटी हातोडी आणि थोडा धीर, अर्ध्या तासाचं काम. पैसे नाहीत.

‘ड्रॅगला तेल घातलं तरी आवाज जाईना’ असंही तुम्ही लिहिलंय. कृपा करून आणखी घालू नका. सीलबंद ड्रॅग उघडायचा नसतो, आणि आत कार्बनच्या चकत्या असतात, त्यांच्यावर तेल गेलं की पकड बिघडते. बुचाच्या चकतीच्या जुन्या रिळांना तेल लागतं, त्या सवयीने लोक सगळीकडे तेल घालतात. तुम्ही नेमकं कुठे सोडलंत ते उघडल्यावर कळेल.

पैशांचं बोलायचं तर दोन रस्ते आहेत. पुढेमागे तुम्ही मोठ्या पाण्यावर किंवा समुद्रावर जाणार असाल तर हे रीळ ठेवा, सरळ करून देतो, ते तिथे तुमच्या उपयोगी पडेल. ओढाच पुरे असेल तर मी ते परत घेतो. वापरलेलं आहे म्हणून थोडी रक्कम कापावी लागेल, पण आपटल्याची खूण त्यात धरणार नाही. त्या पैशांत साधं क्लिकवालं रीळ येईल आणि वर एक नवीन लाइनही. तुमची लाइन दोन हंगाम वापरलेली आहे, फोटोत तिच्यावर बारीक भेगा दिसतायत. फेक लांबत नाही त्याचं कारण मला तिथे जास्त वाटतं. लाइन चिरली की कड्यांतून घसरत नाही आणि पाण्यावर नीट तरंगत नाही. रिळाच्या किमतीतला थोडा हिस्सा पहिल्याच दिवशी मी तिकडे वळवायला सांगायला हवा होता.

स्टार बदला असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. काउंटरवर आता एक पाटी लावली आहे: रीळ दाखवण्याआधी पाणी कोणतं, मासा कोणता आणि बॅकिंग शेवटचं कधी पाहिलं, हे तीन प्रश्न गिऱ्हाईकाला विचारायचे. अक्षर माझंच आहे, जरा वाकडं आहे.

रविवार सोडून कधीही या. येताना रॉड आणा, लाइन रिळावरच राहू द्या, आणि ड्रॅगचं बटण पूर्ण सैल करून ठेवा. दोन महिने पेटीत घट्ट आवळलेलं राहिलं असेल तर आधी ते बघावं लागेल. मित्रालाही घेऊन या, त्याचं रीळ काट्याला लावून बघायचं आहे.