खुलासा: वाहत्या पाण्यात पाय टेकवू नका

‘नदीत पडलात तर आधी पाय टेकवून उभे राहा’ हा सल्ला सध्या नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. गोदेच्या तळाशी काळा कातळ आहे. कपारीत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पालथं पाडतं आणि दाबून धरतं. मग कंबरभर पाण्यातही डोकं वर काढता येत नाही. त्याऐवजी उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्याच्या पृष्ठभागावर. काठाजवळ संथ पाणी दिसलं की पालथे होऊन तिकडे जोर लावून पोहा. पाणी गुडघ्याखाली आलं तरच उभे राहा. आणि काठावरच्यांनो, कमरेला दोर बांधून उडी मारू नका, दोर फेका. कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) शिकणाऱ्यांनी तर हे सगळं लाइफ जॅकेट घालून, प्रशिक्षकासमोर आधीच घोटून घ्यायला हवं.