विंचूमाशीचा चिमटा आणि कट्ट्यावरचं विज्ञान

अत्याचाराची बातमी आली की निपाणी-खानापूरच्या कट्ट्यांवर 'पुरुषाची जातच तशी' हे ठरलेलं. अलीकडे त्याला उत्क्रांतीचा आधार देतात: जबरदस्तीनेही वंश वाढतो, म्हणून ती प्रवृत्ती पुरुषात टिकली. रँडी थॉर्नहिल आणि क्रेग पामर यांच्या 2000 सालच्या पुस्तकातून हा युक्तिवाद जगभर पसरला. पण त्या दोघांचंच एकमत नव्हतं: थॉर्नहिलना बलात्कार ही नैसर्गिक निवडीतून घडलेली खास क्षमता वाटते, पामरना इतर लैंगिक प्रवृत्तींचा उपपरिणाम.

थॉर्नहिल यांचा भक्कम पुरावा विंचूमाशी या कीटकाचा. नराच्या पाठीवरचा चिमटा मादीचे पंख धरून ठेवतो. त्यावर मेण थापलं की जबरदस्ती जमत नाही. मेलेला किडा भेट देऊन केलेला समागम मात्र होतो. एखादा अवयव अमुक कामासाठीच घडला, हे असं दाखवावं लागतं. माणसात असा अवयव नाही, मेंदूतली तशी स्वतंत्र यंत्रणाही कुणी दाखवलेली नाही.

मग आकडे पुढे येतात. गॉटशाल दांपत्याने 2003 मध्ये बलात्कारातून गर्भधारणेचं प्रमाण 6.4 टक्के मांडलं, संमतीच्या एका संबंधातून 3.1. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या पाहण्यांतले, एकात आठवून दिलेली उत्तरं. शिवाय गर्भ राहिला म्हणजे वंश वाढला असं नाही. सूड घ्यायला येणारे नातेवाईक आणि बापाविना मूल जगण्याची शक्यता हिशेबात धरावीच लागते. लहान मुली, वृद्धा आणि पुरुषांवरचे अत्याचार तर या गणितात बसतच नाहीत.

डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यात मुलाने प्रेमातून मुलगी पळवली म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. इथे वंशवाढ कुठली? हा घराण्याच्या अब्रूचा हिशेब, बाईच्या अंगावर चुकता केलेला.

थॉर्नहिल-पामर यांच्या पुस्तकातला, मुलींनी कपडे जपून निवडावेत हा सल्ला आपल्याकडे 'दिवेलागणीला घरात' या शिस्तीला छान जुळतो. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंदीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो.

मी राहतो त्या इंग्लंडात 2003 च्या कायद्याने प्रश्नच बदलला: संमती आहे असं मानायला आरोपीला वाजवी कारण होतं का, ती विचारायला त्याने काय केलं? आरोपपत्रं इथेही फार थोडी, त्यामुळे मिरवण्यासारखं काही नाही. पण बायकोवरचा बलात्कार गुन्हा न धरण्याची नवऱ्याची सूट इथे 1991 मध्ये गेली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये ती अजून आहे, आणि 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका नवऱ्यावरचा बलात्काराचा खटला रद्द करायला नकार दिला, तो ही सूट असतानाच.