‘द क्रुएल प्रिन्स’: राजपुत्रापेक्षा सेनापतीच लक्षात राहतो

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. पंधरा वर्षांची, दहावीचं वर्ष, आणि बॅगेत गणिताच्या वहीखाली एक जाड इंग्रजी पुस्तक. होली ब्लॅकचं ‘द क्रुएल प्रिन्स’. रात्री दीड वाजता तिच्या खोलीतला दिवा चालू दिसला म्हणून डोकावले, तर म्हणाली, “मावशी, दहाच पानं राहिलीत, प्लीज.” सकाळी उठले तेव्हा पुस्तक माझ्या उशाशी होतं. “तू वाच ना. मला कुणाशी तरी बोलायचंय यावर.”

दोन दिवसांत वाचलं. मग हातात पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. पुस्तक मला मनापासून आवडलं आणि त्यातल्या एका गोष्टीनं फार त्रासही दिला. दोन्ही लिहिते आहे. गोष्ट फोडणार आहे, तेव्हा ज्यांना वाचायचंय त्यांनी पुस्तक संपवूनच इकडे या.

२०१८ च्या जानेवारीत अमेरिकेत आलेली ही कादंबरी. पुढचे दोन भाग २०१९ मध्ये आले. किशोरवयीन वाचकांसाठीची अद्भुत प्रेमकथा म्हणून ती विकली जाते. मुळात हा प्रकार आपल्याला काही परका नाही. मराठी कादंबरीही सुरुवातीच्या काळात अशाच अद्भुतरम्य वाटेनं गेली: हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मुक्तामाला सोशिक, सद्गुणी. या पुस्तकाची नायिका ज्यूड तिच्या अगदी उलट टोकाला उभी आहे.

मराठीत ‘फेअरी’ला परी म्हटलं की कांडी आणि पांढरा झगा डोळ्यांपुढे येतो. या पुस्तकातले लोक तसले नव्हेत. स्कॉटलंड-आयर्लंडकडची जुनी माणसं ज्यांचं नाव घ्यायलाही बिचकत आणि ‘भले लोक’ म्हणून वेळ मारून नेत, ते हे. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता जनावर म्हणतात ना, तसंच. मला वाचताना कोकणातल्या आजोळच्या गोष्टी आठवत राहिल्या. विहिरीवरच्या आसरा, गावाचा राखणदार. नियम पाळलेत तर सांभाळतील, चुकलात तर सोडणार नाहीत. एल्फहेम नावाच्या बेटांवरचं हे राज्य असंच नियमांवर चालतं. तिथल्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी घातलेली मोहिनी मिठानं उतरते, म्हणून ज्यूड जवळ मीठ बाळगते. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवातीचा प्रसंग मी तीनदा वाचला. अमेरिकेतलं साधं घर, रविवारची दुपार. सात वर्षांची ज्यूड गालिच्यावर बसून मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले, मऊ पडलेले माशाचे तुकडे केचपमध्ये बुडवून खाते आहे. जुळी बहीण टॅरिन सोफ्यावर झोपली आहे. दार वाजतं. बाहेर लांब कोट घातलेला उंच माणूस. थोरली व्हिव्ही दार उघडते. तो मॅडॉक, एल्फहेमचा सेनापती. या मुलींची आई पूर्वी त्याची बायको होती आणि पोटातल्या मुलीला घेऊन, मेल्याचं सोंग करून पळून आली होती. ती मुलगी म्हणजे व्हिव्ही. मॅडॉक मुलींच्या डोळ्यांदेखत आईला आणि बापाला मारतो. आणि मग जुळ्या पोरींनाही घेऊन जातो, कारण आपल्या बायकोची मुलं ही आपली जबाबदारी, असा त्याचा धर्म सांगतो.

मॅडॉक हा रेडकॅप आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या कथांमध्ये पडक्या गढ्यांत राहणारा आणि मारलेल्या माणसाच्या रक्तात टोपी भिजवणारा. असा माणूस या मुलींना दहा वर्षं वाढवतो. चांगलं वाढवतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. स्वतःच्या पोरीसारखं जेवूखाऊ घालतो, तलवार शिकवतो, लढाईचे डावपेच समजावतो. ज्यूडला तो आवडतो. ज्याच्या हातून आई गेली त्याची शाबासकी मिळावी म्हणून ती जिवाचं रान करते, आणि त्याबद्दल स्वतःला माफही करू शकत नाही. ही गाठ होली ब्लॅक शेवटपर्यंत सोडवत नाहीत. मॅडॉकला पश्चात्ताप होत नाही, एका भाषणात तो भला होत नाही, तो मुळातून राक्षस आहे असंही कुठे म्हटलेलं नाही. घरात प्रेमळ आणि बाहेर क्रूर असलेला बाप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही पानं फार जवळची वाटतील.

ज्यूडला काय हवंय, ते ती स्वच्छ सांगते. तिला तिथेच राहायचंय आणि मान हवाय. सरदार व्हायचंय. मॅडॉक परवानगी नाकारतो तेव्हा ती राजपुत्र डेनची हेर होते. रोज थोडंथोडं विष खाऊन ती अंगात मुरवते, म्हणजे उद्या कुणी जेवणातून दिलं तरी मरायला नको. पोट बिघडतं, हात थरथरतात, तरी तलवारीचा सराव चुकत नाही. आणि ज्या राज्यात कुणाला खोटं बोलता येत नाही तिथे माणसाच्या पोरीकडे एकच हत्यार उरतं: ती खोटं बोलू शकते. दुबळेपणाचंच बळ करणारा हा नियम पुस्तकाच्या शेवटापर्यंत कामाला येतो. राज्याभिषेकाच्या रात्री जे घडतं, एका लहान मुलाच्या हातून मुकुट ज्या डोक्यावर जातो, ती पन्नास-साठ पानं मी उभ्यानं वाचली. गॅसवरचं दूध उतू गेलं. कट, फसवणूक, राजकारण या बाबतीत बाईंचा हात धरणारं फार कुणी नसेल. २०१९ साली या पुस्तकाला किशोर साहित्याच्या लोडस्टार पुरस्काराचं नामांकन होतं, ते मला रास्तच वाटतं.

आता राजपुत्र.

कार्डन हा राजाचा सगळ्यात धाकटा मुलगा, ज्यूडच्या वर्गातला. पहिल्या अर्ध्या पुस्तकात तो आणि त्याची टोळी तिला छळतात. जेवणावर माती उडवणं ही सुरुवात. मग दोघी बहिणींना नदीत ढकलतात, जिथे पाण्यातल्या बाया माणसं ओढून नेतात. तिथे कार्डन टॅरिनला म्हणतो की बहिणीला सोड, माझ्या दोन्ही गालांचं चुंबन घे, तुला बाहेर येऊ देतो. टॅरिन तसं करते. ज्यूड पाण्यात एकटी उरते. पुढे ही टोळी तिला जबरदस्तीनं असं फळ चारते की माणसाचं भान सुटतं आणि तो आपल्याच विटंबनेत हसत राहतो. हा प्रसंग ताकदीनं लिहिलेला आहे. वाचताना माझे तळहात घामेजले.

आणि शेवटाकडे कळतं की या मुलाच्या डोक्यात सारखी ज्यूडच असते. एका कागदावर कागदभर तिचं नाव लिहिलेलं सापडतं.

भाचीनं त्या पानाचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता. मी विचारलं, “यात तुला काय एवढं आवडलं?” ती म्हणाली, “अगं मावशी, म्हणजे तो इतके दिवस त्रास देत होता ना, ते ती आवडत होती म्हणूनच!”

मी सातवीत होते. मागच्या बाकावरचा मुलगा रोज माझ्या पाठीवर शाईचं पेन झटकायचा. निळे ठिपके. आई लिंबू-मीठ लावून घासायची, डाग फिके व्हायचे, जायचे नाहीत. शेवटी बाईंना सांगितलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “तुझं लक्ष जावं म्हणून करतो गं, मुलं अशीच असतात.” वर्ग हसला. त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत मी भिंतीला पाठ लावता येईल अशीच जागा शोधत राहिले. शाईपेक्षा ते वाक्य जास्त लागलं, कारण आता तक्रार करायचीही सोय उरली नव्हती. तक्रार केली तर मीच भाव खाणारी. तेच वाक्य तीस वर्षांनी माझ्या लाडक्या भाचीच्या तोंडून, तेही खुशीत आलेलं ऐकलं, तेव्हा गप्प बसवेना.

लेखिकेवर अन्याय करायचा नाही, म्हणून हेही सांगते. होली ब्लॅकना हा धोका माहीत आहे. कार्डन मनातलं कबूल करतो तेव्हा तो ज्यूडच्या कैदेत असतो, शस्त्र तिच्या हातात असतं. पहिलं चुंबन घडतं ते तो वरचढ असताना नव्हे. शेवटी तर एक वर्ष आणि एक दिवस तिची आज्ञा पाळायला तो वचनानं बांधला जातो. सत्तेचं पारडं त्यांनी मुद्दाम उलटं केलं आहे. या प्रकारच्या पुस्तकांमध्ये एवढी काळजी घेणारे थोडे. आणि हेही खरं की कार्डन तिथे गोडगोड काही बोलत नाही. तिच्याबद्दल विचार करतो याचीच त्याला चीड आहे, आणि ते तो तसंच सांगतो.

पण पारडं उलटं केलं म्हणजे हिशेब चुकता झाला असं मला वाटत नाही. मला खटकतात त्या दोन गोष्टी.

पहिली म्हणजे त्याच्या पाठीवरचे वळ. ज्यूड थोरला राजपुत्र बालेकिन याच्या वाड्यात हेरगिरीला जाते आणि लपून बघते, की बालेकिन एका नोकराकरवी कार्डनला पट्ट्यानं मारवतो आहे. या प्रसंगानंतर वाचकाचं मन फिरतं, माझंही फिरलं. मार खाणारं पोर पुढे मारकुटं होतं हे खोटं नाही. पण पुस्तकात या वळांचा उपयोग पावतीसारखा होतो. नदी, फळ, माती, सगळं त्या एका पावतीवर जमा. ज्यूडला काय झालं, त्याबद्दल कार्डन काय देणं लागतो, याची एकही सरळ बोलाचाली या पहिल्या भागात होत नाही. तिचा राग कुठे गेला ते कळत नाही. मॅडॉकच्या बाबतीत राग आणि माया शेजारी शेजारी नांदतात, एक दुसऱ्याला पुसत नाही. तेवढी हिंमत प्रेमकथेत का दाखवली नाही? ज्या लेखिकेला बाप इतका अवघड ठेवता आला, तिनं प्रियकर सोपा करून ठेवला.

दुसरी गोष्ट जरा बारीक आहे. खोटं न बोलता येण्याचा नियम राजकारणात सोन्यासारखा चालतो, पण प्रेमात तोच नियम पळवाट होतो. कार्डनला खोटं बोलताच येत नाही, म्हणजे त्याला ती हवीशी वाटते हे शंभर टक्के खरं. संशयाला जागाच नाही. खऱ्या आयुष्यात कुठल्याच मुलीला असली हमी मिळत नाही. शिवाय एखाद्याला आपण खरोखर हवे आहोत एवढ्यानं त्याचं वागणं चांगलं ठरत नाही. शाई झटकणाऱ्या त्या मुलाला मी कदाचित खरंच आवडत असेन. माझ्या ड्रेसवर त्यानं काय फरक पडला?

बाकीच्या उणिवा मोठ्या नाहीत, पटकन सांगते. पहिली शंभर-सव्वाशे पानं छळ आणि पुन्हा छळ अशी रेंगाळतात. लॉक नावाचा गुलछबू मुलगा ज्यूडभोवती घोटाळतो आणि आतून टॅरिनशी त्याचं जमलेलं असतं, हे अनुभवी वाचकाला आधीच कळतं. टॅरिन मात्र वाया गेली याची हळहळ वाटते. बहिणीला नदीत सोडून बाहेर येणारी मुलगी किती मोठं पात्र होऊ शकली असती! तिला फक्त लग्न करून तिथे रुजायचंय, आणि लेखिका त्या इच्छेकडे जरा तुसडेपणानं बघते. तलवार न उचलणाऱ्या मुलीची भीतीही भीतीच असते.

आणि सोफी. तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. एल्फहेमच्या वाड्यांमध्ये मोहिनी घातलेली माणसं नोकर म्हणून राबतात. कुठे आहोत याचं त्यांना भान नसतं. बालेकिनच्या वाड्यातून ज्यूड अशा एका मुलीला बाहेर काढते. ती सोफी. मोहिनी उतरते आणि आजवर आपण काय बघितलं, काय केलं ते तिला एकदम दिसायला लागतं. घरी परत नेताना, समुद्रावरून जात असताना, ती स्वतःला खाली झोकून देते. खिशात दगड भरलेले असतात. दोन-चार पानांत सगळं संपतं आणि गोष्ट राजवाड्याकडे वळते. त्या वाड्यात अशी आणखी किती माणसं राबत असतील? ज्यूडला ज्या राज्यात मान हवाय ते राज्य या लोकांच्या पाठीवर उभं आहे. हा प्रश्न पुस्तक स्वतःच विचारतं आणि उत्तराची वाट न बघता निघून जातं.

भाचीला मी पुस्तक वाचू नकोस असं म्हटलं नाही, म्हणणारही नाही. दुसरा भाग मीच मागवून दिला. शाईची गोष्ट मात्र तिला सांगितली. तिनं ऐकून घेतली, काही बोलली नाही, नंतर कोपऱ्यात बसून फोन बघत राहिली. मला वाटलं, उगाच उपदेश केला.

ती गेल्यावर हे लिहायला म्हणून पुस्तक पुन्हा काढलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी पुस्तकाची पानं कधी दुमडत नाही, म्हणजे तिनंच दुमडलेला. कागदभर नाव असलेलं पान असेल म्हणून उघडलं, तर सोफीचं निघालं. रात्री फोन केला आणि विचारलं.

“हो, मीच दुमडलं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं ज्यूड तिच्यासाठी परत येईल. म्हणून खूण ठेवली होती.”